व्हिडिओ पाहताना चित्र आडवं का फाटतं?

रत्नागिरीला आमचे एक काका असतात. निवृत्त झाल्यापासून त्यांना रेल्वे प्रवासाचे व्हिडिओ पाहायचा नाद लागलाय. म्हणजे कोणीतरी कोकण रेल्वेच्या खिडकीत मोबाइल धरून बसायचं आणि यांनी ते घरी चार-चार तास पाहायचं. मागच्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला, "अरे, विजेचे खांब मधेच तुटतायत रे."

पावसाळ्याचे दिवस, मला वाटलं वादळ झालं. "कुठे, काका?"

"कुठे म्हणजे? कॉम्प्युटरवर!"

खांबाचा वरचा अर्धा भाग एकीकडे, खालचा चार बोटं पुढे, आणि मध्ये करवतीनं कापल्यासारखी आडवी रेघ. पुढचा खांब आला की तोही तसाच. बातम्या लावल्या तर काही नाही. आणि काकांचं खास निरीक्षण असं, की करबुड्याचा बोगदा आला की चित्र एकदम ठीक! तोवर त्यांनी एचडीएमआय केबल दोनदा बदलली होती, इंटरनेटवाल्याशी भांडून झालं होतं, आणि आता नवा मॉनिटर घ्यायच्या बेतात होते.

यातल्या कशाचाच दोष नव्हता. केबल बिघडली तर चित्रावर ठिपके लुकलुकतात किंवा पडदा क्षणभर काळा होतो. इंटरनेट रखडलं तर चित्र थांबतं, गोल फिरत राहतं, नाहीतर चेहऱ्याचे चौकोनी ठोकळे होतात. सरळ आडव्या रेघेत कापलेलं आणि बाजूला सरकलेलं चित्र ही तिसरीच गोष्ट आहे. तिला टेअरिंग म्हणतात. त्यात कुठलंही यंत्र मोडलेलं नसतं, दोन यंत्रांचा ठेका तेवढा जुळत नसतो. म्हणून दुकानात जाण्याआधी हा लेख वाचावा.

पोथीचं सुटं पान

जुन्या पोथीची पानं शिवलेली नसतात, सुटी असतात. समजा एक जण पोथी वाचतोय आणि शेजारी बसलेला त्याच्यासमोर पानं ठेवतोय. वाचणारा वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एका लयीत वाचत जातो. शेवटची ओळ संपली, त्यानं श्वास घेतला, की तेवढ्यात याने पान बदलायचं. आता शेजाऱ्याचं लक्ष नाही आणि त्याने वाचणारा पानाच्या मध्यावर असतानाच पुढचं पान समोर सरकवलं. वाचणारा असा की तो कशानेही थांबत नाही. त्याने पुढची ओळ वाचली, पण ती नव्या पानावरची. ऐकणाऱ्यांच्या कानावर अर्धी कथा एका पानाची आली आणि अर्धी दुसऱ्या.

कॉम्प्युटरमध्ये हेच घडतं. साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा नवं चित्र घेतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एकदा. यालाच ६० हर्ट्झचा रिफ्रेश रेट म्हणतात. आपल्याला वाटतं की चित्र एकदम उमटतं, पण ते ग्राफिक्स चिपच्या मेमरीतून ओळीमागून ओळ, वरून खाली, पडद्याकडे जात असतं. पडद्याचं हे वाचन चालू असताना चिपने मेमरीतली फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र, बदलली, की वरचा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नव्या फ्रेमचा. जिथे वाचन पोचलं होतं तिथे शिवण दिसते.

मग श्वास घ्यायची जागा कुठली? फुल एचडी चित्रात दिसणाऱ्या ओळी १,०८० असतात, पण ६० हर्ट्झच्या नेहमीच्या सिग्नलमध्ये वेळ १,१२५ ओळींचा धरलेला असतो. जास्तीच्या ४५ ओळी रिकाम्या जातात. जुन्या, पोट सुटलेल्या काचेच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा झोत तळाला पोचल्यावर त्याला पुन्हा वर जायला उसंत लागायची, तेव्हापासून ही मोकळीक सोडायची रीत पडली. झोत गेला, रीत राहिली. हिशेब केला तर ही उसंत जेमतेम ०.६७ मिलिसेकंदाची भरते. पान बदलायचं ते एवढ्यातच. 'फ्रेम बदलायची तर फक्त या मोकळ्या वेळात' हा जो नियम, तो म्हणजे व्हर्टिकल सिंक, सगळे ज्याला व्हीसिंक म्हणतात तो.

नियम पाळता यावा म्हणून चिप दोन पाट मांडते. एका पाटावरचं पान वाचलं जात असतं, दुसऱ्यावर पुढचं पान तयार होत असतं. उसंत मिळाली की पाटांची अदलाबदल. व्यवस्था जुनी आहे आणि चोख आहे. ती कुठेतरी वगळली जाते किंवा कुणीतरी बंद करून ठेवतं, तेव्हाच टेअरिंग दिसतं.

काकांच्या बोगद्याचं कोडंही यातच सुटतं. खिडकीतला खांब १,९२० पिक्सेल रुंदीचा पडदा अर्ध्या सेकंदात ओलांडतो असं धरा. व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा असेल तर दर फ्रेमला खांब १२८ पिक्सेल पुढे सरकलेला असतो. वरचा तुकडा एका फ्रेमचा आणि खालचा पुढच्या फ्रेमचा झाला की दोन्ही तुकडे १२८ पिक्सेलनी चुकतात. ही झाली काकांची चार बोटं. बातम्या देणारी बाई मान हलवते तेव्हा फरक दोन-तीन पिक्सेलचा असतो. फाटतं तेव्हाही, पण शिवण कळत नाही. बोगद्यात अंधार, दोन्ही फ्रेम काळ्या, काय दिसणार? म्हणून टेअरिंग तपासायचं असेल तर रेल्वेच्या खिडकीसारखा व्हिडिओ नाही. उभे खांब आणि आडवी धाव. कबड्डीच्या सामन्यात कॅमेरा चढाईमागे झपकन वळतो तेव्हाही चांगलं दिसतं.

आधी खात्री करा की हे टेअरिंगच आहे

चित्र फाटलेलं दिसेल त्या क्षणी व्हिडिओ चालू ठेवून स्क्रीनशॉट घ्या. दोन-चार घ्या. स्क्रीनशॉटमध्ये खांब सरळ दिसला तर ते टेअरिंग. कारण स्क्रीनशॉट मेमरीतून येतो आणि मेमरीत प्रत्येक फ्रेम अखंड असते. गडबड मेमरीतून पडद्याकडे जाताना होते. मी कितीतरी लोकांना "स्क्रीनशॉट पाठवा" असं सांगून स्वतःच फसलोय. त्यांच्याकडून येतं ते निर्मळ चित्र, आणि मग त्यांना वाटतं की आपल्याच डोळ्यांत दोष आहे. पडद्याचा मोबाइलने फोटो काढला तर शिवण दिसू शकते, पण मोबाइलचा कॅमेराही ओळीओळीनेच टिपतो, त्यामुळे त्या पुराव्यावर फार विसंबू नका.

स्क्रीनशॉटमध्येही दोष दिसला तर तो व्हिडिओतच आहे. इथे एक सोंग ओळखून ठेवण्यासारखं आहे. लग्नाची जुनी डीव्हीडी लावली, नवरीचा हात हलला, आणि हाताच्या कडेला फणीचे दात उमटले. हे टेअरिंग नव्हे, इंटरलेसिंग. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम दोन हप्त्यांत टिपलेली: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. दोन्ही हप्ते एकत्र दाखवले की हलणाऱ्या वस्तूच्या कडा विस्कटतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या व्हिडिओ मेनूत डीइंटरलेस चालू केलं की दात जातात. टेअरिंगमध्ये एक किंवा दोनच शिवणी असतात आणि त्या पडदाभर जातात. फणीचे दात फक्त हलणाऱ्या वस्तूपुरते.

दुसरं सोंग हिसक्यांचं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, पडदा ६० हर्ट्झचा. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम दोन वेळा दाखवायची, पुढची तीन वेळा, पुन्हा दोन, पुन्हा तीन. कॅमेरा संथपणे वळत असला की चित्र लंगडत चालल्यासारखं वाटतं. २५ फ्रेमच्या मालिकेचंही तेच, क्रम तेवढा वेगळा. हे लंगडणं आहे, फाटणं नाही. त्याच्यासाठी व्हीसिंकशी झटापट करून उपयोग नाही.

विंडोजवर शोध कुठून सुरू करायचा

विंडोजमध्ये डेस्कटॉप विंडो मॅनेजर नावाचा एक कारभारी असतो. सगळे प्रोग्रॅम आपापलं चित्र त्याच्याकडे देतात, तो सगळ्यांचं मिळून एक पान तयार करतो आणि उसंत पाहून पडद्यासमोर ठेवतो. हा कारभारी २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर आला. विंडोज ७ मध्ये साधी थीम निवडली की तो सुट्टीवर जायचा, आणि त्या काळी टेअरिंगच्या तक्रारींवरचा पहिला उपाय 'एरो थीम परत लावा' हाच असायचा. २०१२ च्या विंडोज ८ पासून त्याला घरी पाठवायची सोय काढून टाकली. म्हणून आजच्या विंडोजवर साध्या खिडकीत चाललेला व्हिडिओ सहसा फाटत नाही. फाटत असेल तर काहीतरी मुळातच बसलेलं नाही.

मुळातच न बसलेली गोष्ट म्हणजे बहुतेकदा ग्राफिक्स ड्रायव्हर, विंडोज आणि ग्राफिक्स चिप यांच्यातला दुभाषी प्रोग्रॅम. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि डिस्प्ले अॅडॅप्टर्स या नावाखाली काय लिहिलंय ते पाहा. इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाचं नाव असेल तर ठीक. 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॅप्टर' असं असेल तर चोर सापडला. हा ड्रायव्हर अडीअडचणीला पडदा दिसता राहावा एवढ्यासाठीच असतो. तो चित्र मेमरीत टाकतो आणि पडद्याचं वाचन कुठवर आलंय याची चौकशी करत नाही. उसंतीचा नियम त्याला माहीतच नाही. व्हिडिओ उलगडायचं कामही मग ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसरवर पडतं, म्हणून फाटण्याबरोबर अडखळणंही येतं, आणि पंखा घोंघावतो तो वेगळाच. लॅपटॉपवर आणखी एक खूण असते: ब्राइटनेस कमी-जास्त होत नाही.

काकांकडे हेच निघालं. महिनाभरापूर्वी ओळखीच्या एका मुलाने विंडोज नव्याने टाकून दिली होती. इंटरनेट न जोडता टाकली आणि ड्रायव्हर राहिला. एरवी विंडोज अपडेट तो आपणहून आणतं, पण जुन्या चिपच्या बाबतीत त्याच्यावर भिस्त ठेवू नये. लॅपटॉप असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून आणि असेंबल केलेला कॉम्प्युटर असेल तर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्यावा. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' देणारे जे फुकट प्रोग्रॅम असतात त्यांना घरात घेऊ नका. ते ड्रायव्हर आणतात एक आणि पाहुणे आणतात चार.

ड्रायव्हर ठीक असूनही चित्र फाटतंय, आणि तेही फक्त फुलस्क्रीनमध्ये? फुलस्क्रीनमध्ये काही प्लेअर कारभाऱ्याला वगळून थेट पडद्याशी व्यवहार करतात. तिथे व्हीसिंकची जबाबदारी प्लेअरवर आणि ड्रायव्हरच्या सेटिंगवर येते. घरात गेम खेळणारा भाचा-पुतण्या असेल तर आधी त्याला विचारा. व्हीसिंकमुळे गेममध्ये बटण दाबल्यापासून पडद्यावर गोळी सुटेपर्यंत थोडा उशीर होतो, म्हणून ही मंडळी ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन व्हर्टिकल सिंक सरसकट बंद करतात. सरसकट म्हणजे तुमच्या सिनेमालाही. ते सेटिंग 'प्रोग्रॅम ठरवेल तसं' या पर्यायावर आणा, किंवा नुसत्या व्हिडिओ प्लेअरपुरतं चालू करा. व्हिडिओत कुणाला गोळी झाडायची नसते. दहा-पंधरा मिलिसेकंदांच्या उशिराने काही अडत नाही. त्याने भागलं नाही तर व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये व्हिडिओ विभागात आउटपुट म्हणून एक यादी असते. तिथे कधीकाळी काहीतरी बदललेलं असेल तर परत 'ऑटोमॅटिक' करा.

फक्त ब्राउझरमध्येच फाटत असेल तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिमखाली ग्राफिक्स किंवा हार्डवेअर अॅक्सिलरेशन नावाचं बटण असतं. ते चालू नसेल तर चालू करा. चालू असतानाच फाटत असेल तर एकदा बंद करून पाहा, पण परीक्षेपुरतंच. बंद केल्यावर टेअरिंग गेलं याचा अर्थ ड्रायव्हरमध्ये पाणी मुरतंय एवढाच. ते बटण कायमचं बंद ठेवून सगळं ओझं प्रोसेसरवर टाकणं म्हणजे नळ गळतो म्हणून मोटर बंद करणं.

दोन पडदे, दोन ठेके

ड्रायव्हर बसवला आणि मॉनिटरवरचे खांब सरळ झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "मॉनिटरवर सरळ, पण टीव्हीवर अजून तुटतायत. आणि आता गंमत बघ, रेघ एका जागी नाही, हळूहळू सरकते."

काकांनी तोच व्हिडिओ मॉनिटर आणि टीव्ही दोन्हीवर एकदम लावला होता, डुप्लिकेट करून. पोथी एक, वाचणारे दोन. दोघांची लय तंतोतंत एक असेल तर प्रश्न नाही, पण तशी ती सहसा नसते. एक पडदा ६० हर्ट्झवर चालतो, दुसरा ५९.९४ वर. हा विचित्र आकडा अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या पद्धतीचा वारसा आहे आणि तो आजही टीव्हींमध्ये ठाण मांडून बसलाय. पान बदलणारा एकाचीच उसंत सांभाळू शकतो. दुसऱ्याच्या बाबतीत पान कधी मध्यावर बदललं जातं, कधी तळाशी. दोघांत सेकंदाला ०.०६ फेरीचा फरक पडतो, म्हणजे साधारण १७ सेकंदांत एका पूर्ण फेरीचा. त्यामुळे रेघ तेवढ्या वेळात पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रांगत जाते. अशी सावकाश रांगणारी रेघ दिसली की समजायचं, जवळजवळ सारख्या पण दोन वेगळ्या घड्याळांचं हे भांडण आहे.

उपाय सोपा. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबा आणि 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडा. टीव्ही पाहायचा तेव्हा टीव्हीच. दोन्ही पडदे हवेच असतील तर डुप्लिकेटऐवजी एक्स्टेंड निवडा आणि सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन प्रत्येक पडद्याचा रिफ्रेश रेट पाहा. तिथे कधीकधी वेगळंच काही सापडतं. ४के टीव्ही जुन्या कॉम्प्युटरला जोडलेला असेल तर रेट ३० हर्ट्झच दिसेल, कारण एचडीएमआय १.४ च्या पोर्टमधून ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाऊ शकतं. मग माउसचा बाणसुद्धा उड्या मारत जातो. रिझोल्यूशन फुल एचडीवर आणलं की ६० हर्ट्झ मिळतात, आणि चार हातांवरच्या सोफ्यावरून काकांना तो फरक कळणारही नाही.

लिनक्सवाल्यांसाठी

जुन्या कॉम्प्युटरला जीवदान म्हणून विंडोजऐवजी लिनक्स टाकलं आणि टेअरिंग सुरू झालं, ही तक्रार नेहमीची. त्याचं मूळ एक्स ११ या चित्रयंत्रणेत आहे. ती १९८७ सालची. त्या काळी कारभारी ही कल्पनाच नव्हती. ज्याला जे रेखाटायचं ते त्याने थेट पडद्यावर रेखाटायचं. कारभारी, म्हणजे कॉम्पोझिटर, नंतर जोडला गेला आणि ऐच्छिक राहिला. एक्सएफसीई डेस्कटॉप असेल तर सेटिंग्जमध्ये विंडो मॅनेजर ट्वीक्स उघडून कॉम्पोझिटर चालू आहे का ते पाहा. कॉम्प्युटर हलका राहावा म्हणून बरेच जण तो बंद करतात आणि मग चित्र फाटतं म्हणून रडतात.

एवढ्याने झालं नाही तर ड्रायव्हरमध्येच सोय असते. एएमडीच्या आणि इंटेलच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये ती टेअरफ्री या नावाने आहे. एनव्हिडियाच्या सेटिंग्ज प्रोग्रॅममध्ये पडद्याच्या अॅडव्हान्स्ड पर्यायांत 'फोर्स फुल कॉम्पोझिशन पाइपलाइन' अशी लांबलचक नावाची चौकट आहे. तिच्यावर टिक केली की व्हिडिओ सरळ होतो, गेमचा वेग थोडा उतरू शकतो.

माझं मत विचाराल तर या सगळ्यात न पडता एक्स ११ ऐवजी वेलँड ही नवी चित्रयंत्रणा वापरून पाहा. क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये त्याची सुरुवात केली तेव्हापासून प्रत्येक फ्रेम अखंडच दिसली पाहिजे हा त्याचा हेतू आहे. तिथे कारभाऱ्याशिवाय पानच हलत नाही. ग्नोम डेस्कटॉप असेल तर लॉगिनच्या पडद्यावर दातेरी चाकाचं चिन्ह असतं, तिथून सेशन बदलता येतं. यात मजा अशी, की वेलँडवर टेअरिंग होतच नाही म्हणून गेम खेळणारे कुरकुरू लागले, आणि २०२२ मध्ये 'मला चित्र फाटलेलं चालेल, पण लवकर दाखव' असं सांगायची सोय मुद्दाम करावी लागली.

आणि ते महागडे मॉनिटर?

एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक जाहीर केलं, पुढच्या वर्षी एएमडीने फ्रीसिंक. यात वाचणाराच पान देणाऱ्यासाठी थांबतो: चिपकडून फ्रेम तयार झाली की मगच मॉनिटर वाचन सुरू करतो. गेममध्ये याला तोड नाही, कारण तिथे पुढची फ्रेम कधी तयार होईल हे कुणालाच माहीत नसतं. व्हिडिओत मात्र कुठली फ्रेम कधी दाखवायची हे फाइलमध्ये आधीच ठरलेलं असतं. ज्याचं वेळापत्रक पाठ आहे त्याची वाट पाहायला खास माणूस नेमायचा कशाला? नुसते सिनेमे आणि रेल्वे पाहायची असेल तर त्या नावाखातर जास्त पैसे मोजू नका.

काकांनी मॉनिटर घेतला नाही. परवा पुन्हा फोन आला, आता सिनेमा पाहताना कॅमेरा हळू फिरला की चित्र अडखळतं म्हणाले. रेघ नाही, फाटत नाही, नुसतं अडखळतं. म्हणजे दोन-तीन, दोन-तीनचं ते लंगडणं. टीव्हीच्या रिफ्रेश रेटच्या यादीत २३ किंवा २४ हर्ट्झ दिसतं का ते बघा, असं सांगितलंय. असेल तर सिनेमापुरतं ते निवडायचं, आणि रेल्वे लावायच्या आधी परत ६० करायचं.